हाताच्या मुंग्या आणि मानेचे मणके

रात्रीं गाढ झोप लागलेली असतांना हाताला मुंग्या येऊन जाग यावी, बोटें सुजल्यासारखीं वाटावीं, हात चारदोन वेळां झटकला कीं बरें वाटावें आणि तासाभरानें पुन्हां तोच प्रकार व्हावा, ही तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. दिवसा तिचा विसर पडतो. पण वर्तमानपत्र धरून वाचतांना, दूरध्वनि कानाशीं धरला असतां किंवा कणीक तिंबतांना ती पुन्हां डोकें वर काढते. घरांतील वडील माणसें हिला वात म्हणून मोकळीं होतात. कोणी म्हणतो, हात अंगाखालीं आला असेल. कोणी उशी बदलावयास सांगतो. अलीकडे या सल्ल्यांत आणखी एकाची भर पडली आहे. मानेचे मणके जागचे सरकल्यामुळें हाताच्या शिरा दबतात, तेव्हां ते कायरोप्रॅक्टरकडून बसवून घ्यावेत म्हणजे हात मोकळा होईल, असा हा सल्ला आहे. मान वळवितांच होणारा कट्ट असा आवाज आणि त्यानंतर रोग्याच्या मुखावर उमटणारें समाधान दाखविणारीं चलच्चित्रें आतां ज्याच्या त्याच्या खिशांतील दूरध्वनीवर पाहावयास मिळतात, आणि त्यामुळें हा सल्ला शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतहि सहज मान्य होऊं लागला आहे.

तो कितपत खरा आहे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. हाताच्या या दुखण्यांत योग्य वेळीं योग्य उपाय झाला तर हात पूर्ववत् होतो. ती वेळ टळली तर अंगठ्याची शक्ति आणि बोटांचा स्पर्श कायमचा उणावतो. म्हणून दुखण्याचें मूळ कोठें आहे, कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय आणि त्याची परीक्षा झाली तेव्हां काय आढळलें, हें क्रमानें पाहणें अगत्याचें आहे.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस, घड्याळाचा पट्टा जेथें बसतो त्याच्या किंचित् पुढें, एक लहानसा बोगदा आहे. मनगटांत आठ लहान हाडें असतात. तीं एका कमानीसारखीं रचलेलीं असून या कमानीच्या दोन टोकांमध्यें एक जाड, चिवट अस्थिबंध ताणून बसविलेला असतो. खालीं व बाजूंना हाडें, वर अस्थिबंध, अशी ही अरुंद वाट असल्यामुळें तिच्या भिंती ताणून मोठ्या होण्यास जवळजवळ वावच नसतो. एवढ्याशा वाटेनें दहा प्रवासी ये-जा करितात. त्यांपैकीं नऊ म्हणजे बोटें व अंगठा मिटणाऱ्या कंडरा. चारी बोटांच्या प्रत्येकीं दोन व अंगठ्याची एक. दहावा प्रवासी म्हणजे ‘मीडियन’ या नांवाचा मज्जातंतु. कंडरा दोरीसारख्या घट्ट असतात. मज्जातंतु मऊ असतो. गर्दी वाढली कीं चेंगरतो तो मज्जातंतूच.

हा मज्जातंतु अंगठा, तर्जनी, मधलें बोट व अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भाग यांना स्पर्शज्ञान देतो आणि अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या मांसल उंचवट्यांतील बहुतेक स्नायूंना चालना देतो. करंगळीचा मज्जातंतु निराळा असून तो या बोगद्यांतून जात नाहीं. त्यामुळें खऱ्या बोगद्याच्या दुखण्यांत करंगळी सहसा सुटलेली असते व अनामिका जणु मधोमध विभागली जाते. तिची एक बाजू बधिर व दुसरी शाबूत. आणखीहि एक खूण आहे. तळहाताच्या मुळाकडील त्वचेला स्पर्शज्ञान देणारी याच मज्जातंतूची शाखा बोगद्याच्या आधींच फुटून अस्थिबंधाच्या वरून जाते. म्हणून बोटें बधिर असूनहि तळहाताचा हा भाग शाबूत राहतो. शरीररचनेचें हें थोडें ज्ञान असलें कीं दुखणें मनगटांत आहे कीं अन्यत्र, याचा निम्मा निर्णय घरच्या घरीं लागूं शकतो.

बोगद्यांतील दाब प्रत्यक्ष मोजण्यांतहि आलेला आहे. अमेरिकेंत १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापांत निरोगी मनगटांत हा दाब पाऱ्याच्या सरासरी २.५ मिलिमीटर, तर रोग्यांच्या मनगटांत ३२ मिलिमीटर आढळला. मनगट पुढें दुमडलें असतां रोग्यांत तो ९४ वर व मागें वांकविलें असतां ११० वर गेला. मज्जातंतूला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या इतका दाब फार वेळ सोसूं शकत नाहींत. झोपेंत माणूस नकळत मनगट दुमडून ठेवतो. म्हणून तक्रार रात्रीं बळावते, व हात झटकून सरळ केला कीं रक्त पुन्हां वाहूं लागून मुंग्या निघून जातात. रात्रीच्या त्या झटकण्याचें कोडें असें साधें आहे.

हें दुखणें विरळ नाहीं. दक्षिण स्वीडनमधील लोकांची पाहणी करून १९९९ सालीं जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यांत तपासणी व विद्युत्परीक्षा या दोन्ही कसोट्यांस उतरलेले रोगी २.७ टक्के, म्हणजे सुमारें सदतीस माणसांत एक, इतके होते. स्त्रियांत याचें प्रमाण पुरुषांपेक्षां अधिक असून चाळिशी उलटल्यावर तें वाढतें. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, आमवात व स्थूलता यांच्याशीं याचा संबंध आहे. गर्भारपणीं शरीरांत पाणी सांचून हें दुखणें उद्भवतें व बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरतें. मनगट मोडल्यामुळें किंवा हादरे देणारीं यंत्रें दीर्घकाळ चालविल्यामुळेंहि तें जडतें. जोर लावून तीच ती हालचाल करावी लागणाऱ्या कामांत त्याचा धोका वाढतो. केवळ संगणकाच्या कळा दाबल्यानें तें होतें कीं काय, याविषयीं मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाहीं.

एवढें स्पष्ट दुखणें वैद्यकाला उमगण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, आणि त्याची हकीकत प्रस्तुत विषयाला फार उपयोगी आहे. इंग्लंडचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य जेम्स पॅजेट यांनीं १८५४ च्या सुमारास एका रोग्याचें वर्णन केलें. त्याचें मनगटाजवळील हाड मोडून सांधलें होतें. पण सांधलेल्या जागीं वाढलेल्या हाडानें मज्जातंतु दाबला जाऊन अंगठ्यास व बोटांस व्रण होत. मनगट विशिष्ट तऱ्हेनें बांधून तो दाब सैल केला कीं व्रण भरून येत. १८८० सालीं बोस्टनचे जेम्स पटनम यांनीं सदतीस रोग्यांची हकीकत लिहिली. रात्रीं हात बधिर होणें आणि तो बिछान्याबाहेर लोंबता सोडला किंवा झटकला कीं बरें वाटणें, हें सारें त्यांनीं अचूक टिपलें; कारण मात्र त्यांना रक्तपुरवठ्याच्या बिघाडांत दिसलें. १९१३ सालीं फ्रान्समधील प्येर मारी व शार्ल फ्वा यांनीं अंगठ्याचे स्नायु झिजलेल्या एका वृद्धाचें मरणोत्तर परीक्षण केलें, तेव्हां मनगटाच्या अस्थिबंधाजवळ मज्जातंतु फुगलेला व खालीं बारीक झालेला दिसला. वेळीं हा बंध कापला तर झीज टळूं शकेल, असें त्यांनीं सुचविलें. १९३३ सालीं जेम्स लर्मंथ यांनीं असा बंध कापून मज्जातंतु मोकळा केल्याची हकीकत प्रसिद्ध केली.

तथापि सर्वसामान्य वैद्यांची नजर मनगटाकडे नव्हती. ती मानेकडे होती. मानेच्या तळाशीं कांहीं माणसांत एक जास्तीची लहान बरगडी असते. हाताच्या मुंग्यांचा दोष विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बहुधा या बरगडीवर किंवा मानेच्या मुळाशीं पडणाऱ्या ताणावर ठेवला जाई, आणि कित्येकांवर तेथील शस्त्रक्रियाहि होत. १९४७ सालीं लंडनमध्यें रसेल ब्रेन व त्यांचे सहकारी यांनीं कोणत्याहि इजेवांचून दोन्ही मनगटांतील मज्जातंतु दबल्याचीं सहा उदाहरणें दिलीं व बंध कापल्यावर रोगी बरे झाल्याचें दाखविलें. पुढें १९५० पासून अमेरिकेंत क्लीव्हलँडचे जॉर्ज फेलन यांनीं या दुखण्याचा इतका प्रसार केला कीं त्याची ओळख प्रत्येक डॉक्टराला पटली. दोन्ही मनगटें एक मिनिटभर दुमडून धरावयाचीं व मुंग्या येतात कीं काय पाहावयाचें, ही परीक्षा त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. सारांश, हाताच्या मुंग्यांचें मूळ मानेंत शोधण्याचा प्रमाद खुद्द डॉक्टरांनींच एकदां मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. कायरोप्रॅक्टिकच्या दाव्याकडे वळतांना हें ध्यानांत ठेवणें न्यायाचें होईल.

कायरोप्रॅक्टिक हें नांव हात व क्रिया या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनविलें आहे. या पंथाचे संस्थापक डॅनियल डेव्हिड पामर हे १८४५ सालीं कॅनडांत जन्मले आणि अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत डेव्हनपोर्ट या गांवीं चुंबकशक्तीनें रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत. १८९५ च्या सप्टेंबरांत त्यांनीं हार्वे लिलार्ड नांवाच्या एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबून बसविला व त्याला ऐकूं येऊं लागलें, असें त्यांनीं जाहीर केलें. यावरून त्यांनीं सिद्धान्त बसविला कीं मणके किंचित् सरकल्यानें मज्जातंतूंतील चैतन्याचा प्रवाह अडतो आणि बहुतेक सर्व रोग यांतूनच उद्भवतात. वास्तविक श्रवणाचा मज्जातंतु मेंदूपासून थेट कानाकडे जातो. पाठीच्या मणक्यांतून जात नाहीं. तरीहि पामर यांनीं १८९७ सालीं आपली शाळा काढली. परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल १९०६ सालीं त्यांना तुरुंगवास घडला. १९१३ सालीं ते वारले, आणि त्याच वर्षीं कॅन्सस संस्थानानें या पंथाला परवाना देणारा अमेरिकेंतील पहिला कायदा केला. शेवटचें लुइझियाना संस्थान. त्यानें १९७४ सालीं कायदा केला.

पामर यांचे चिरंजीव बार्टलेट जोशुआ हे प्रसाराच्या कलेंत पित्याहून वरचढ निघाले. नभोवाणीचें सामर्थ्य त्यांनीं फार लवकर ओळखलें. १९२२ सालीं त्यांनीं एक नभोवाणी केंद्रच विकत घेऊन तें डेव्हनपोर्ट येथें चालविलें. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनीं क्रीडावृत्त सांगण्याचें काम १९३२ सालीं याच केंद्रावर सुरू केलें. डॉक्टरांच्या संघटनेनें या पंथाशीं दीर्घकाळ वैर धरलें. अमेरिकन मेडिकल असोसिएशनविरुद्ध कांहीं कायरोप्रॅक्टरांनीं १९७६ सालीं दावा लावला, आणि १९८७ सालीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं संघटनेनें स्पर्धेच्या कायद्याचा भंग करून या व्यवसायावर बहिष्कार घातला होता. हा निर्णय व्यवसायाच्या हक्कांविषयीं होता. मणक्यांच्या सिद्धान्ताच्या सत्यतेविषयीं नव्हता. आज या पंथांत दोन प्रवाह दिसतात. एक संस्थापकाच्या जुन्या सिद्धान्ताला चिकटून आहे. दुसरा कंबर, मान व सांध्यांचीं दुखणीं एवढ्यापुरतेंच आपलें क्षेत्र मानतो व शास्त्रीय कसोट्या पत्करतो.

हाताच्या मुंग्यांवर कायरोप्रॅक्टर काय करतो? तो मानेचे व पाठीच्या वरच्या भागाचे मणके झटक्यानें वळवितो किंवा हळूहळू हालवितो. कोपर, मनगट व हाताचीं लहान हाडें हातानें हालवून सैल करितो. आखडलेले स्नायु चोळतो. कधीं मनगटावर श्राव्यातीत ध्वनिलहरींचा शेक देतो व रात्रीं बांधण्यास पट्टी देतो. मणका वळवितांना जो आवाज होतो त्यानें रोग्याची खात्री पटते कीं सरकलेलें हाड जागेवर बसलें. परंतु तो आवाज हाडाचा नव्हे. सांध्यांतील वंगणासारख्या द्रवांत दाब एकाएकीं उतरून वायूची पोकळी उत्पन्न होते, तिचा तो आवाज असतो. बोटें मोडतांना होतो तोच. त्यानंतर कांहीं काळ स्नायु सैल पडून बरें वाटतें हें खरें. पण त्यावरून मणका सरकला होता व तो बसला, असें सिद्ध होत नाहीं.

मानेचा आणि मनगटाचा कांहींच संबंध नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. मीडियन मज्जातंतु ज्या तंतूंचा बनलेला आहे ते मानेंतील कण्यांतूनच निघतात. १९७३ सालीं कॅनडांतील अप्टन व मॅकोमास या दोन संशोधकांनीं अशी कल्पना मांडली कीं मज्जातंतु एके ठिकाणीं थोडा दबला असला तर दुसऱ्या ठिकाणचा अल्प दाबहि त्याला असह्य होतो. मनगटांत किंवा कोपरांत मज्जातंतु दबलेले ११५ रोगी त्यांनीं पाहिले आणि त्यांपैकीं ८१ जणांत मानेच्या मुळाशींहि बिघाडाचीं चिन्हें सांपडलीं. या कल्पनेवर नंतर पुष्कळ आक्षेप आले व वाद अद्यापि मिटलेला नाहीं. उतारवयांत मानेची झीज तर निरोगी माणसांतहि सर्रास आढळते. तेव्हां दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. शिवाय मानेंत मज्जातंतूचें मूळ दबलें असेल तर वेदना मानेपासून खांद्यावाटे दंडांत उतरते, मान वळविल्यानें ती वाढते, आणि अनामिकेची अर्धी-अर्धी विभागणी त्यांत सहसा दिसत नाहीं.

तर्काचें निर्णायक उत्तर प्रयोगानें मिळतें. १९९८ सालीं अमेरिकेंत ९१ रोग्यांवर असा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडण्यांत आले. एका गटाला आयब्युप्रोफेन हें वेदनाशामक औषध व रात्रीं मनगटास पट्टी; दुसऱ्या गटाला कणा, हात व स्नायूंवरील कायरोप्रॅक्टिक उपचार, ध्वनिलहरींचा शेक आणि तशीच रात्रींची पट्टी. नऊ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत सुधारणा झाली. परंतु दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. दोन्ही गटांत पट्टी होती हें लक्षांत घेतलें म्हणजे या सुधारणेचें श्रेय मणके बसविण्याला द्यावें कीं पट्टीला, हा प्रश्न उरतोच. अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००३ सालच्या समालोचनांत पट्टी, पोटांत घ्यावयाचीं स्टेरॉइड औषधें, ध्वनिलहरींचा शेक, योगासनें आणि मनगटाचीं हाडें हळुवार हालविणें यांनीं थोड्या मुदतीचा लाभ दिसल्याचें म्हटलें आहे. कायरोप्रॅक्टिक उपचारांचा विशेष लाभ त्यांत सिद्ध झाला नाहीं.

हातांनीं करावयाचे उपचार अगदींच निष्फळ आहेत, असें मात्र समजूं नये. स्पेनमध्यें १२० स्त्रियांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अर्ध्या स्त्रियांवर शस्त्रक्रिया केली व अर्ध्यांवर फिजिओथेरपिस्टांनीं मानेपासून हातापर्यंत हस्तोपचार केले. पहिल्या व तिसऱ्या महिन्यांत हस्तोपचारांचा गट सरस ठरला. सहाव्या व बाराव्या महिन्यांत दोन्ही सारखे झाले. हा प्रयोग एकाच देशांतला, केवळ स्त्रियांपुरता आणि फिजिओथेरपिस्टांचा होता, एवढी मर्यादा ध्यानांत ठेवून त्याचें स्वागत करणें योग्य. महाराष्ट्राशीं नातें सांगणारा प्रयोगहि येथें उल्लेखनीय आहे. पुण्यांत १९३७ पासून योग शिकविणारे बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेंतील आसनांचा एक क्रम १९९८ सालीं अमेरिकेंत ४२ माणसांवर अजमावण्यांत आला. आठवड्यांतून दोनदां, आठ आठवडे, शरीराच्या वरच्या भागाचीं अकरा आसनें त्यांना देण्यांत आलीं. त्यांच्या मुठीची पकड सुधारली व वेदना उणावल्या. पण विद्युत्परीक्षेंत मज्जातंतूच्या वेगांत लक्षणीय फरक दिसला नाहीं. म्हणजे बरें वाटणें व मज्जातंतु बरा होणें या दोन गोष्टी नेहमीं एकत्र जातातच असें नाहीं.

हा भेद साऱ्या विषयाचें मर्म आहे. दुखण्याच्या पहिल्या अवस्थेंत मुंग्या येतात व जातात. या वेळीं साधे उपाय पुरतात. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्रीं बांधून कांहीं आठवडे झोपावें, हा त्यांतील सर्वांत स्वस्त व निरुपद्रवी उपाय होय. तेवढ्यानें भागलें नाहीं तर बोगद्यांत स्टेरॉइडचें इंजेक्शन देतात. इंग्लंडमध्यें २३४ रोग्यांवर केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सहा आठवड्यांच्या शेवटीं इंजेक्शन पट्टीपेक्षां सरस ठरलें. सहा महिन्यांनीं दोहोंत फरक राहिला नाहीं. शस्त्रक्रियेंत वरचा अस्थिबंध कापून बोगद्याचें छप्परच उघडतात. ती बहुधा हातापुरती भूल देऊन थोड्या वेळांत होते. हॉलंडमधील १७६ रोग्यांच्या प्रयोगांत, २००२ सालच्या वृत्तांताप्रमाणें, तीन महिन्यांनीं शस्त्रक्रियेच्या गटांत शेंकडा ८० व पट्टीच्या गटांत शेंकडा ५४ रोग्यांना गुण आला. अठरा महिन्यांनीं हेंच प्रमाण ९० व ७५ होतें. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे किंवा महिने तळहात हुळहुळा राहतो व पकड कमी वाटते, हीहि बाजू रोग्याला आधीं सांगितली पाहिजे.

दुसरी अवस्था अधिक चिंतेची आहे. मुंग्या दिवसरात्र राहतात, मग त्यांचें बधिरपण होतें. सुईंत दोरा ओवतां येत नाहीं, सदऱ्याचीं बटनें लागत नाहींत, चहाचा कप हातून सुटतो, तवा हाताला लागला तरी चटका उशीरा कळतो. अंगठ्याच्या मुळाशीं असलेला उंचवटा हळूहळू सपाट होऊं लागतो. येथें एक फसवा प्रकार घडतो. मज्जातंतूची जाणीवच मंदावल्यामुळें वेदना कमी होते, आणि रोगी म्हणतो, आतां बरें आहे! या सुमारास तो कोणाकडून मान वळवून घेत असेल तर गुण आल्याचें श्रेय त्या उपचाराला मिळतें व मनगटांतील झीज चालूच राहते. झिजलेले स्नायु पुष्कळदां पूर्णपणें भरून येत नाहींत, मग शस्त्रक्रिया कितीहि कुशल हातांनीं होवो. मनगटाच्या दुखण्यांत कायरोप्रॅक्टिकपासूनचा मोठा धोका बहुधा या कालहरणाचाच असतो.

मान झटक्यानें वळविण्याचा स्वतःचा असाहि एक धोका सांगतात. मानेंतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचें आंतील अस्तर फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. असे प्रसंग फार विरळ असतात, आणि मान वळविल्यानेंच तें घडतें कीं रोहिणी आधींच फाटून मान दुखूं लागल्यामुळें रोगी तेथें गेलेला असतो, याविषयीं मतभेद आहे. तथापि मनगटांतील दुखण्यासाठीं मानेला विरळा कां होईना, पण असला धोका पत्करावयाचा, तर त्यापासून होणारा लाभ निःसंशय असला पाहिजे. आणि तसा तो सिद्ध झालेला नाहीं.

भारतांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथें कायरोप्रॅक्टरांच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र कायदेशीर परिषद नाहीं. परदेशीं कित्येक वर्षांचा रीतसर अभ्यास करून आलेला मनुष्य आणि थोड्या दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारा मनुष्य, या दोघांतील भेद सामान्य रोग्याला पाटीवरून कळत नाहीं. फिजिओथेरपीचा व्यवसाय मात्र २०२१ सालच्या कायद्याच्या कक्षेंत आलेला आहे. तेव्हां हातांनीं करावयाचे उपचार ज्यांना हवे असतील त्यांनीं शिक्षणाची व नोंदणीची चौकशी प्रथम करावी, आणि त्याहूनहि आधीं निदान करून घ्यावें. मुंग्या कोणत्या बोटांना येतात व केव्हां येतात हें आठवडाभर टिपून ठेवलें तर डॉक्टरांचें काम सोपें होतें. रक्तांतील साखर व थायरॉइड यांची तपासणी, जरूर तर मज्जातंतूच्या वेगाची विद्युत्परीक्षा, एवढ्यानें दुखण्याची जागा व त्याची पायरी बहुधा निश्चित होते. बधिरपण कायमचें राहूं लागलें असेल किंवा अंगठ्याचा उंचवटा दोन्ही हातांत सारखा दिसत नसेल, तर पट्टी, आसनें वा हस्तोपचार यांत दिवस न घालवितां शस्त्रवैद्याची गांठ घेणें इष्ट.

घरांतील स्त्रियांच्या बाबतींत हें विशेषेंकरून सांगावें लागतें. हें दुखणें त्यांच्यांत अधिक, आणि तें अंगावर काढण्याची संवयहि त्यांच्यांतच अधिक. रात्रींची मोडलेली झोप कोणाला दिसत नाहीं व सकाळचीं कामें तर थांबत नाहींत. त्यामुळें कप फुटूं लागेपर्यंत तक्रारीची दखल घेतली जात नाहीं. एवढ्या अवधींत जो कोणी आपुलकीनें हात हातीं घेईल, विचारपूस करील व आज बरें वाटेल असें सांगेल, त्याच्याकडे रोग्याचा ओढा जावा यांत नवल नाहीं. कायरोप्रॅक्टरच्या लोकप्रियतेचें एक रहस्य हेंहि आहे, आणि गर्दीच्या दवाखान्यांत दोन मिनिटांत रोगी उरकणाऱ्या डॉक्टरांनीं त्यापासून धडा घेण्यासारखा आहे.

मनगटांत दबलेल्या मज्जातंतूचें वर्णन प्रथम करणारे जेम्स पॅजेट यांनींच १८६७ सालीं हाडवैद्यांविषयीं एक व्याख्यान दिलें होतें. डॉक्टरांना न साधलेले कांहीं रोगी या अशिक्षित हाडवैद्यांच्या हातून बरे होतात, हें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें. त्यांच्या पद्धतींत जें चांगलें असेल तें उचलावें व जें वाईट असेल तें टाळावें, असा त्यांचा आपल्या व्यवसायबंधूंना उपदेश होता. कायरोप्रॅक्टिकलाहि हाच न्याय लावतां येईल. आखडलेल्या सांध्यांना हळुवार हालचाल देणें, रोग्याला वेळ देणें, औषधांचा अतिरेक टाळणें, हें त्यांतील घेण्यासारखें. साऱ्या हाताचें दुखणें मानेच्या सरकलेल्या मणक्यांत पाहणें आणि मनगटांतील मज्जातंतु झिजत असतां आठवड्यांमागून आठवडे मान वळवीत राहणें, हें टाळण्यासारखें. आज रात्रीं ज्याची झोप हाताच्या मुंग्यांनीं मोडेल त्यानें दिवा लावून एवढें पाहावें कीं करंगळी शाबूत आहे काय व दोन्ही अंगठ्यांचीं मुळें सारखीं भरलेलीं आहेत काय. आणि पुढील पाऊल त्यावरून ठरवावें.